शेजारच्या घरातून आवाज आला तर काय करायचं?

हे आजच्या भागाचं लिखित रूप. एसटीत नेटवर्क गेलं, इअरफोन घरी राहिला, किंवा हा विषय घरात मोठ्याने लावणं शक्य नाही, अशा सगळ्यांसाठी. बोलताना जिथे पसरट झालं तिथे थोडं आवरलंय, बाकी बोली तशीच ठेवलीय.

गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे आलाय. शेजारच्या घरात मारहाण होते, आम्हाला ऐकू येतं. आम्ही काय करायचं? फोन केला तर आमचं नाव बाहेर येईल का? आणि उद्या ते दोघे एक झाले तर वाईट कोण ठरणार? आम्हीच ना?

प्रश्न विचारणारी मुलं-मुली बहुतेक विशीतली आहेत. त्यांच्या घरातलं मोठं माणूस काय म्हणतं, तेही मला माहीत आहे. "घोवबायलेच्या भांडणात आपण कित्याक पडूचा?" आजचा सगळा भाग या एका वाक्याला उत्तर म्हणून आहे.

आधी आपला गाव समजून घेऊ

मी वालावलची. वालावल म्हटलं की लोकांना लक्ष्मीनारायणाचं देऊळ, त्याच्या बाजूचं तळं आणि कर्ली नदी आठवते. फोटोत गाव शांत दिसतो, आणि तो शांत आहेच. पण या शांततेची दुसरी बाजूही बघायला हवी.

आपल्याकडे गाव म्हणजे वाड्या. घाटावर घराला घर लागून असतं, एका भिंतीपलीकडे दुसरा संसार. आपल्याकडे दोन घरांच्या मध्ये परसू, माडाची बाग, कधी एखादा व्हाळ. पावसात तर शेजारच्या घरातली हाकसुद्धा ऐकू येत नाही. म्हणजे ज्या बाईवर हात उठतो, तिचा आवाज फार तर एका-दोन घरांपर्यंत पोचतो. म्हणून ती एक-दोन घरं फार महत्त्वाची.

दुसरी गोष्ट. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. हे ऐकून बरं वाटतं, पण यामागचं एक मोठं कारण म्हणजे आपले पुरुष मुंबईला नोकरीला असतात. घर चालवते ती बाई. सोबत सासू-सासरे, मुलं, गुरं. नवरा गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात येतो. त्यामुळे छळाचं रूपही वेगळं असतं. नवरा मुंबईहून पैसे पाठवायचे बंद करतो. एटीएम कार्ड दीर स्वतःकडे ठेवतो. फोनवरून रोज रात्री शिव्या. अंगावर एकही वळ नसतो, आणि म्हणून तिलाही वाटतं की याला छळ म्हणायचं की नाही.

म्हणायचं. कायदाही तेच म्हणतो.

कायदा काय म्हणतो, साध्या भाषेत

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात हिंसा चार प्रकारची धरली आहे: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. घरखर्चाला पैसे न देणं, तिचं स्त्रीधन काढून घेणं, हे चौथ्या प्रकारात येतं. आणि हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा वहिनी, लग्न न करता एकत्र राहणारी जोडीदार, या सगळ्यांसाठी आहे.

आता आपल्या प्रश्नाचं उत्तर. या कायद्याचं चौथं कलम नीट ऐका. हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला सकारण वाटतं, अशी कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. कुणीही. नातं लागत नाही, पुरावा लागत नाही. आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्या व्यक्तीवर दिवाणी किंवा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही.

'होण्याची शक्यता आहे' हे शब्द मला सगळ्यात मोलाचे वाटतात. डोकं फुटेपर्यंत थांबा, असं कायदा सांगत नाही. आधी सांगा म्हणतो. म्हणजे शेजाऱ्याने बोलणं ही चोंबडेगिरी नव्हे, कायद्याने त्याला दिलेली जागा आहे.

संरक्षण अधिकारी म्हणजे कोण? महिला व बाल विकास विभागाने या कायद्यासाठी नेमलेला अधिकारी. आपल्यासाठी चौकशीचं ठिकाण म्हणजे कुडाळ किंवा जिल्ह्याचं ठिकाण ओरोस. तो अधिकारी घरगुती घटनेचा अहवाल लिहितो, तिला वैद्यकीय मदत, निवारा, वकील मिळवून देतो आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला मदत करतो. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत लागावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे मी लपवणार नाही. पण मधल्या काळासाठी अंतरिम आदेश मागता येतो. 'तिला हात लावायचा नाही, तिच्या कामाच्या जागी जायचं नाही' असा संरक्षण आदेश निघाल्यावर तो मोडला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि घर? 'घर माझ्या नावावर आहे, चालती हो' हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलंय. सतराव्या कलमाप्रमाणे ज्या घरात ती संसार करते, त्या सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे, सातबारावर किंवा घरपट्टीवर नाव कुणाचंही असो. कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही.

वकिलाचे पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७च्या कायद्याखाली कुठल्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते. तिचं उत्पन्न किती हे बघितलं जात नाही. त्यासाठी १५१०० हा नंबर आहे.

मग बायका सांगत का नाहीत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. देशात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि अशी हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्के जणींनी. ज्यांनी मागितली, त्यांतल्या सगळ्यात जास्त माहेरी गेल्या. पोलिसांपर्यंत फार थोड्या.

या आकड्यांचा माझ्या मते अर्थ असा की पहिला फोन चौकीत जात नाही. तो आईला जातो, बहिणीला जातो, शेजारच्या काकीला जातो. आणि तिथे उत्तर काय मिळतं? "थोडं सोस." "मुलांकडे बघ." "झाकली मूठ सव्वा लाखाची." त्या उत्तरावर तिचा पुढचा रस्ता ठरतो. पुन्हा सांगायची हिंमत ती करेल की नाही, हे तिथेच ठरतं. म्हणून हिंसा रोखण्याचं काम तुमच्या-माझ्यापासून सुरू होतं. तिच्यापासून मदतीपर्यंतचं अंतर जितकं कमी, तितकी ती सुरक्षित.

प्रत्यक्ष त्या क्षणी

समजा, आत्ता आवाज येतोय. काय करायचं?

जिवाला धोका वाटत असेल, हत्यार असेल, तर सरळ ११२ लावा. तिथे शूरपणा दाखवायला एकट्याने जाऊ नका. वाडीचं नाव, देऊळ किंवा शाळेची खूण, घरापर्यंत गाडी येते की पायवाट आहे, हे सांगा. आपल्याकडे पत्ता म्हणजे खुणाच.

एवढा धोका नसेल, पण काहीतरी चाललंय हे कळतंय, तर आवाज मध्येच तोडा. २००८ मध्ये 'बेल बजाओ' नावाची मोहीम आली होती. त्या जाहिरातींत शेजारी फक्त दारावरची बेल वाजवतो आणि काहीतरी क्षुल्लक कारण सांगतो. वाटीभर दूध द्या, एक फोन करू द्या. मारणाऱ्याला कळतं की बाहेर कुणीतरी ऐकतंय. आपल्याकडे बेल नसली तरी खळं आहे. दोघं-तिघं जा, खळ्यातून हाक मारा, "वहिनी, विरजण आसा काय गे?" भाषण नको, भांडण नको. बाहेर माणसं आहेत हे कळलं तरी त्या वेळेपुरता हात थांबू शकतो.

दुसऱ्या दिवशी ती एकटी असताना बोला. विहिरीवर, काजूच्या बागेत, बचत गटाच्या मीटिंगनंतर. काय बोलायचं? तीन वाक्यं पुरतात: "मी ऐकलं. यात तुझी चूक नाही. तुला हवं तेव्हा मी सोबत येते." बस. 'तू सोडून का देत नाहीस?' हे विचारू नका. ती कुठे जाणार, मुलांच्या शाळेचं काय, पैसे कुठून आणणार, हा हिशेब तिने तुमच्या आधी शंभर वेळा केलेला असतो.

ती नको म्हणाली तर? ती सज्ञान आहे, निर्णय तिचा. जिवाचा धोका दिसत नसेल तर तिच्या मागे लागू नका. पण दार उघडं ठेवा. तिला नंबर द्या. १८१ ही महिला हेल्पलाईन. तिच्या फोनमध्ये तो 'गॅस बुकिंग' अशा नावाने सेव्ह करता येतो. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँक पासबुक, मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स तुमच्याकडे ठेवायला सांगा. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन काय झालं ते खरं सांगायला सांगा. 'पायरीवरून पडले' असं केसपेपरवर लिहिलं गेलं की पुढे तेच तिच्या विरोधात वापरलं जातं.

मुलगी अठराच्या आतली असेल तर नियम बदलतो

इथे नीट लक्ष द्या. वर मी म्हटलं की सज्ञान बाईच्या बाबतीत तिची इच्छा महत्त्वाची. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तसं नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ज्याला हे माहीत आहे, त्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. न कळवणं हाच गुन्हा. 'मुलीचं लग्न कसं होणार' म्हणून गप्प बसलेला काका, 'शाळेचं नाव जाईल' म्हणून गप्प बसलेला शिक्षक, दोघंही त्यात येतात.

आणि तिचं नाव, फोटो, शाळा, घर, काहीही बाहेर येता कामा नये. म्हणजे गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अमक्याच्या चेडवाबरोबर असं झालं' हा मेसेज टाकणं हाही गुन्हा ठरू शकतो, मग मनात कितीही कळवळा असो. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. तो मुलंसुद्धा स्वतः लावू शकतात, आपल्या धाकट्या भावंडांना पाठ करून द्या.

पोलीस ठाण्यात 'ही आमची हद्द नाही' असं सांगितलं गेलं तर? १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत लिहिलंय की दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्द कुठलीही असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. मुंबईत छळ झाला आणि मुलगी माहेरी कुडाळला आली, तर तिला तक्रारीसाठी परत मुंबईला जायची गरज नाही.

गाव म्हणून काय करता येतं?

एकट्या शेजाऱ्यावर सगळं टाकणं बरोबर नाही. तो घाबरणारच, त्याला त्याच वाडीत राहायचंय. म्हणून गावाने एकत्र उभं राहणं लागतं. याची महाराष्ट्रातली दोन उदाहरणं सांगते.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाचा ठराव राज्यभर गेला.

दुसरं गाव अहिल्यानगर जिल्ह्यातलं, नेवासा तालुक्यातलं सौंदाळा. नोव्हेंबर २०२४मध्ये तिथल्या ग्रामसभेने आई-बहिणीवरून शिव्या द्यायला बंदी केली, दिली तर पाचशे रुपये दंड. कुणी म्हणेल, शिव्या थांबवून मार थांबतो का? लगेच नाही थांबत. पण भांडण दोन पुरुषांचं आणि अपमान मात्र घरातल्या बाईचा, ही सवय पहिल्यांदा गावाच्या कागदावर चूक म्हणून लिहिली गेली.

आपल्याकडे यासाठी लागणारी साधनं आधीच आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. पुष्कळ ठिकाणी ती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकली जाते. ती खरोखर घ्यायला लावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून शाळेच्या भिंतीवर आणि एसटी थांब्यावर ११२, १८१ आणि १०९८ रंगवायला कितीसा खर्च येणार? बंद पडलेले पथदिवे, मुलींच्या शाळेच्या वाटेवरचा काळोख, हे विषय त्या सभेत लिहून आले तर सरपंचांना उत्तर द्यावं लागतं.

माझं म्हणणं, वाडीवार दोन माणसं ठरवा. अंगणवाडी ताई, आशा ताई, बचत गटातली कुणी खमकी बाई, आणि एक तरुण, ज्याच्याकडे बाईक आहे. रात्री अपरात्री कुणाकडे जायचं, हे वाडीतल्या प्रत्येक बाईला माहीत असलं पाहिजे.

दारूचं काय? २००८च्या राज्य सरकारच्या आदेशाप्रमाणे गावातल्या किमान पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानाबाबत मतदान घेता येतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. लक्षात घ्या, एकूण महिला मतदारांपैकी, झालेल्या मतदानापैकी नव्हे. घरी बसलेलं प्रत्येक मत दुकानाच्या बाजूने जातं. पण दारूलाच सगळा दोष देऊ नका. प्यायलेला माणूस पोलीस पाटलाच्या कानाखाली मारत नाही. घरी येईपर्यंत त्याला बरोबर कळतं कुणावर हात उचलायचा ते.

एक धोक्याची सूचना. गावाने गुन्हा 'मिटवायचा' नसतो. देवळात बोलावून नवऱ्याला नारळावर हात ठेवायला लावला आणि बाईला परत पाठवली, ही मदत नव्हे. तंटामुक्ती समितीसमोर बांधाचं भांडण मिटेल. बलात्कार, मारहाण, मुलीवरचा अत्याचार ही पोलिसांची आणि कोर्टाची कामं आहेत.

मुंबईतल्या बहिणींसाठी आणि मुलग्यांसाठी

आपली अर्धी माणसं मुंबईत, म्हणून हेही सांगते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या जागेत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजसेविका बसते. आधी ती ऐकते, मग तक्रार. आता असे कक्ष राज्यात इतर जिल्ह्यांतही आहेत. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये महापालिका आणि सेहत या संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केलं, म्हणजे जखमेला टाके घालायला आलेल्या बाईला त्याच इमारतीत समुपदेशन मिळतं.

मुलग्यांनो, तुमच्यासाठी मुंबईतच १९९३मध्ये 'मावा' ही संस्था उभी राहिली, पुरुषांनी पुरुषांशी या विषयावर बोलण्यासाठी. हरीश सदानी यांनी अनेक वर्षं कॉलेजच्या मुलांबरोबर हे काम केलंय. तुम्हाला संस्था काढायची गरज नाही. क्रिकेटच्या ग्रुपवर कुणी एखाद्या मुलीचा फोटो टाकला तर "डिलीट कर" एवढं लिहिणारा पहिला मुलगा व्हा. गर्लफ्रेंडचा पासवर्ड मागणं, तिचं लोकेशन सतत बघणं, दहा मिनिटांत रिप्लाय आला नाही की वीस कॉल करणं, याला प्रेम म्हणू नका. नको म्हटल्यावरही तिच्यावर ऑनलाईन पाळत ठेवणं हा कायद्याने गुन्हा आहे. आणि मुलींनो, असे मेसेज आले तर संतापून डिलीट करू नका. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा.

तर, "आपण कित्याक पडूचा?" याचं माझं उत्तर असं: कारण त्या माडाच्या बागेपलीकडे तिचा आवाज फक्त आपल्यालाच ऐकू येतो.

आज एवढंच करा. फोन हातात आहेच, तर ११२, १८१, १०९८ आणि १५१०० हे चार नंबर आत्ता सेव्ह करा. मग घरात आईला किंवा काकीला विचारा, आपल्या वाडीतल्या बाईने रात्री कुणाकडे धावायचं? उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या महिला सभेचा पहिला विषय तोच.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि शेजारच्यांचीही घ्या.